आधी कागद, मग तांबूल

तुकोजीरावांना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बेंगळुरातले निम्मे नवे गवई ज्यांच्या दारात चपला काढायचे, ते कोणी मोठे उस्ताद असतील असं तुम्हाला वाटायचं. कसले उस्ताद आणि कसलं काय. कचेरी संपली हे त्यांना आजूबाजूचे लोक उठायला लागले की कळायचं. आमच्याकडं गाण्याच्या बैठकीला कचेरी म्हणतात, आणि तुकोजीराव ज्या कोर्टात दिवसभर असत त्यालाही कचेरी म्हणतात. त्यांना मात्र दुसरीच कळायची. एकदा रामनवमीच्या मांडवात व्हायोलिनवाला नुसत्या तारा जुळवत होता, तर हे मान डोलवून "वा" म्हणाले. मी शेजारी बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"अण्णा, अजून सुरू झालं नाही," मी हळूच म्हटलं.

"असं होय? मग हे कशात धरायचं? कागदात तर साडेतीनच तास आहेत."

कागद म्हणजे करार. कोणाच्याही तोंडून काही ठरल्याचं ऐकलं की यांचा पहिला प्रश्न, "कागद कुठं आहे?" म्हणून साऱ्या गावानं त्यांचं नाव कागदअण्णा ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनंसुद्धा. ती बिचारी शेजारणींना सांगायची, "आमचे कागदअण्णा अजून आले नाहीत, स्वल्प बसा."

पेशानं ते वकिलाचे गुमास्ते. तीस वर्षं एकाच वकिलाकडं. वकीलसाहेब जमिनीचे दावे लढायचे आणि त्यांचे कागद तुकोजीराव लिहायचे. गाणाऱ्यांच्या भानगडीत ते कसे पडले, याच्या चार गोष्टी मी चार जणांकडून ऐकल्या. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "शेताला कुंपण असतं, घराला भिंत असते. गळ्याला काय असतं? म्हणून म्हटलं, कोणीतरी बघायला पाहिजे." आणि लगेच चष्मा पुसायला लागायचे, म्हणजे पुढं विचारू नका.

माझी त्यांची गाठ पडली ती राजाजीनगरात. तेव्हा राजाजीनगर नवीन वसत होतं. दोन घरं, मग चार मोकळ्या जागा, मग एक घर, असं. तिथं दोन खोल्या घेऊन मी टायपिंगचं इन्स्टिट्यूट काढलं होतं. सहा मशिनी, त्यातली एक कायम रुसलेली. मी अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि माझ्या लग्नाची काळजी मला सोडून अख्ख्या रस्त्याला. एका संध्याकाळी दारात काळ्या कोटातला एक उंच माणूस उभा. उन्हानं तो कोट तपकिरी झालेला, धोतर मात्र पांढरंफेक.

"अक्का, स्वल्प काम होतं."

वयानं मला बापासारखे, पण आम्हा बेंगळुरी मराठ्यांत परकी बाई दिसली की अक्का. आमची मराठी पुण्याच्या माणसानं ऐकली तर तो आधी कान चोळतो आणि मग आम्ही कुठले ते विचारतो. इथलेच, म्हटलं तर त्याला पटत नाही. साडेतीनशे वर्षं झाली हो इथं येऊन, अजून किती इथले व्हायचं?

ते स्वल्प काम साडेआठपर्यंत चाललं. एका वीणा वाजवणाऱ्या मुलाचा करार होता, जयनगरच्या एका मांडवाशी. मी तो वाचला आणि मला हसू आवरेना. मुलाला आणायला टांगा कोण पाठवणार, हे होतं. वीणेला टांग्यात वेगळी जागा हवी, हे होतं. मृदंगवाल्याचं मानधन त्याच्याच हातात द्यायचं, वीणेवाल्याच्या नव्हे, हे होतं. पाऊस आला तर वादकांच्या डोक्यावर आधी ताडपत्री, पाहुण्यांच्या डोक्यावर नंतर, हेही होतं. आणि सहावं कलम असं, की मध्ये अध्यक्षांचं भाषण असल्यास ते दहा मिनिटांचं असावं, वर जाणारं प्रत्येक मिनिट वादनातून वजा व्हावं.

"अण्णा, यावर कोण सही करणार?" मी विचारलं.

"करतील. सही करताना कोणी वाचत नाही. वाचायची वेळ नंतर येते."

आणि आली. त्या मांडवाचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी होते. ते बोलायला उभे राहिले आणि रामायणाच्या बालकांडापासून निघाले ते पस्तीस मिनिटांनी आपल्या वखारीपाशी येऊन थांबले. मुलानं वीणा पुन्हा मांडीवर घेतली. छान रंगलं. लोक डोलायला लागले आणि ऐन भरात त्यानं वीणा खाली ठेवली. त्याचा पहिलाच मोठा कार्यक्रम होता हो. सेक्रेटरी धावत आले. लोक ओरडायला लागले. कागदअण्णा पहिल्या रांगेतून उठले, कोटातून कागद काढला आणि सेक्रेटरींना सहाव्या कलमावर बोट ठेवून दाखवला.

"पंचवीस मिनिटं तुमच्या अध्यक्षांनी वाजवली. आता ऐकायची तर त्यांचीच ऐका."

लोकांना हे कळल्यावर जो हशा झाला तो अध्यक्षांनाही झेपला नाही. शेवटी त्यांनीच हात जोडून मुलाला पुन्हा बसवलं. पुढच्या वर्षी त्यांचं भाषण चार मिनिटांत आटोपलं आणि मांडवानं करार कागदअण्णांकडूनच लिहून घेतला.

मग काय, माझ्याकडं रांगच लागली. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी कागदअण्णा एखाद्या नवख्याला घेऊन यायचे. कधी बासरीवाला, कधी घटम वाजवणारा, कधी हरिकथेला साथ करणारी मुलगी आणि तिच्याबरोबर पहाऱ्याला आलेली आत्या. माझ्या विद्यार्थ्यांची टकटक चालू असताना कोपऱ्यातल्या बाकावर यांची शाळा भरायची. पहिले तीन प्रश्न ठरलेले. घसा बसला तर घर कसं चालेल? तुझ्याबरोबर वाजवणाऱ्यांचं कोण बघतं? आणि दहा वर्षांनी लोक तुला कुठल्या नावानं ओळखावेत असं तुला वाटतं? गुरू कोण, घराणं कुठलं, हे कधी विचारलं नाही. विचारून समजणार काय होतं त्यांना?

करार तयार झाला की ते एकेक कलम वाचायचे आणि "समजलं का?" असं न विचारता म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा." मग गवयानं ते कलम आपल्या शब्दांत सांगायचं. जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एका मृदंगवाल्याला एक कलम तीन दिवस सांगता येईना. कसला पठ्ठ्या, पाच तालांचा हिशेब एका वेळी बोटांवर करायचा, आणि इथं घामाघूम. तिसऱ्या दिवशी जमलं तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

करार इंग्रजीत असायचे, आणि त्या इंग्रजीवरून आमची भांडणं व्हायची. 'हिअरइनआफ्टर', म्हणजे 'यापुढं', या शब्दावर त्यांचा जीव. एका पानात नऊ वेळा. मी चार खोडले तर रुसले.

"अक्का, ते काढलं की कागद उघडा दिसतो."

"आणि ठेवलं तर वाचवत नाही."

"वाचवत नाही म्हणूनच समोरचा घाबरतो. राहू द्या."

पण त्यांचं खरं वैर होतं तांबुलाशी. आमच्या भागात कार्यक्रम ठरवायची रीत अशी, की बोलावणारा घरी येतो, तबकात विड्याची पानं, सुपारी, नारळ ठेवून पुढं करतो. कलाकारानं ते तबक हातात घेतलं की ठरलं. मग ताप येऊ दे, जग बुडू दे, जायचं म्हणजे जायचं. तांबूल घेऊन गेला नाही, अशी एकदा ख्याती झाली की त्या माणसाला पुढं कोणी दारात उभं करायचं नाही. आणि घेताना काय काय ठरलं, हे कोणी बोलायचंही नाही. देवाधर्माच्या कामात असलं विचारणं बरं दिसत नाही ना. त्या न बोलण्यातच पुढच्या सगळ्या रडारडी. कागदअण्णा प्रत्येकाला बजावायचे, "तबक आलं की हात जोडायचे, हात पुढं करायचे नाहीत. म्हणायचं, आधी कागद, मग तांबूल." म्हाताऱ्या विद्वानांना ते अजिबात आवडायचं नाही. एक जण तर त्यांच्या तोंडावर म्हणाले, तुम्ही विद्येचा बाजार मांडलात. कागदअण्णांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बाजार होताच स्वामी, मी फक्त पाटी लावली."

तर अशातच रुक्मिणी आली.

दारात बारीक चणीची मुलगी, हातात छत्री आणि कापडी पिशवी. मी फॉर्म पुढं केला. तिनं तो नीट वाचला, परत दिला आणि म्हणाली, "अक्का, मला टायपिंग नको. मला गायचंय. कागदअण्णा इथं भेटतात म्हणे?"

आनेकलची होती. वडील केशवप्पा शिंपी, बाजारात त्यांचं दुकान. ती आठवड्यातून तीनदा बसनं शहरात गुरूकडं यायची. रेडिओच्या चाचणीत पास झाली होती, तालुक्यातल्या मांडवांतून गायली होती. मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या एजंटानं तिला ऐकलं आणि सरळ घर गाठलं. तो ठेवून गेलेल्या कराराची नक्कल तिच्या पिशवीत होती.

कागदअण्णांनी ती वाचली. एकदा, दोनदा. त्यांची बोटं चौथ्या कलमावर थांबली, मग सातव्यावर. दोन्ही कलमं तिला कन्नडात आणि मराठीत समजावली आणि म्हणाले, "आता तू मला सांग."

ती म्हणाली, "कंपनीची एक नामांकित गायिका होती. लग्न करून गेली, गाणं सोडलं. तिच्या नावाच्या रेकॉर्डी अजून खपतात. आता मी गायचं आणि वर नाव तिचं छापायचं."

"सरी, बरोबर. आणि सातवं?"

"दहा वर्षं मी दुसरीकडं कुठं तोंड उघडायचं नाही. रेडिओ नाही, मांडव नाही, लग्नकार्य नाही."

"पुढं?"

"पुढं काय, अण्णा? मग मी कोण?"

कागदअण्णा चष्मा पुसायला लागले. मीच विचारलं, "अगं, मग नाही म्हणून सांग की. अडलंय काय?"

"आप्पांनी तांबूल घेतलंय. चार वडीलधाऱ्यांसमोर. शुक्रवारी तो माणूस सही घ्यायला येणार आहे."

मला वाटलं, संपलं. शिंपी माणूस, गावात अब्रूनं राहिलेला. त्याला जाऊन काय सांगणार, दिलेला शब्द गिळ म्हणून? कागदअण्णा मात्र नक्कल घडी करून कोटात ठेवत म्हणाले, "अक्का, शुक्रवारी मशीन घेऊन आनेकलला यायचं. बदल तिथल्या तिथं टाइप करावे लागतील."

मशीन म्हणजे काय पिसं भरलेली उशी होती? बसमध्ये ती माझ्या मांडीवर, आणि दोन्ही बाजूंनी आनेकलच्या बाजाराला निघालेल्या बायका तिच्यावर कोपर टेकून झोपलेल्या. कागदअण्णा उभे राहून मला दर दहा मिनिटांनी विचारत होते, "जड नाही ना?" उतरेपर्यंत माझे गुडघे माझे राहिले नव्हते.

केशवप्पांच्या पडवीत गाव जमलं होतं. शिलाईचं मशीन बाजूला सरकवून एजंटाला खुर्ची दिलेली. तो मोठा नम्र माणूस, कपाळाला विभूती, हातात चामडी पिशवी. केशवप्पा लहानसे, गळ्यात अजून टेप तसाच. रुक्मिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडं बघवत नव्हतं मला.

कागदअण्णांनी बोलायच्या आत केशवप्पा म्हणाले, "तुमच्याबद्दल ऐकलंय. पण माझा शब्द गेलाय. आता कागद बघून उपयोग नाही."

"बरोबर आहे," कागदअण्णा म्हणाले. "शब्द मोडूच नये. तांबूल कोणी घेतलं?"

"मी."

"रुक्मिणीनं हात लावला होता?"

"ती कशाला लावेल? मी असताना?"

"वय काय तिचं?"

"एकोणीस पुरं झालं."

"म्हणजे कायद्यानं ती सज्ञान. तिचा शब्द तिनं द्यायचा, तो अजून दिलेला नाही. तुम्ही दिलात तो तुमचा. तो तुम्ही पाळा. हे साहेब तुम्हाला मद्रासला नेतील, तुम्ही गा."

पडवीत कोणीतरी खुसकन हसलं. केशवप्पांचा आवाज अख्ख्या आनेकलला माहीत होता, भजनात त्यांना टाळ देऊन मागं बसवायचे म्हणे. पण केशवप्पा हसले नाहीत. ते उभे राहिले, कानशिलं लाल झालेली.

"माझ्या घरात येऊन माझी थट्टा करता?"

"थट्टा नाही, आप्पा," कागदअण्णा हात जोडून म्हणाले, आणि त्यांचा स्वर खरंच खाली आला होता. "तुमचा शब्द तुम्हाला जड नाही होणार. तिचा तिला दहा वर्षं होईल. ती उचलणार आहे, तर तिला विचारायला नको?"

मग ते एजंटाकडं वळले. दोनच बदल मागितले. नाव हिचं, आणि बाकी ठिकाणी गायची मोकळीक. बाकी सगळं तुमच्या मनासारखं. मशीन इथं आहे, अक्का आहेत, अर्ध्या तासात कागद तयार. एजंट गोड हसला. सातव्या कलमाचं पाहू म्हणाला, दहाची पाच वर्षं करू. नाव मात्र जमणार नाही.

"आवाज शंभर मिळतात, स्वामी," तो म्हणाला. "चालणारं नाव एखादंच असतं."

तेव्हा चौकटीपासून रुक्मिणी म्हणाली, "मग त्या शंभरांतली दुसरी बघा." मोठ्यानं नाही, अगदी साध्या आवाजात.

तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. मशीनचं झाकणसुद्धा मी उघडलं नव्हतं. केशवप्पा गळ्यातला टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिले आणि मग आत निघून गेले. पुढं चार-पाच वर्षं ते कागदअण्णांशी एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही निघणार, एवढ्यात रुक्मिणीची आई बाहेर आली. तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं. तिच्या हातात तबक होतं. पानं, सुपारी, नारळ. तिनं ते कागदअण्णांच्या पुढं धरलं.

"आलेला माणूस तुम्ही घालवलात. बरं केलंत का वाईट, मला कळत नाही. पण माझ्या लेकीच्या नावाची रेकॉर्ड आता तुम्ही काढून द्यायची."

मी मनात म्हटलं, आता हे हात जोडणार. आता म्हणणार, बाई, आधी कागद. किती दिवसांत, कुठल्या कंपनीकडून, न झाल्यास काय. सगळ्या जगाला हे शिकवणारा माणूस तो. कागदअण्णांनी त्या बाईकडं पाहिलं, दाराशी उभ्या मुलीकडं पाहिलं आणि दोन्ही हात पुढं करून तबक घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. माझे गुडघे दुखत होते, राग कुठंतरी काढायला हवा होता. "अण्णा, मुदत किती? कलमं किती? सहीला साक्षीदार कोण, मी का?"

"गप बसा, अक्का," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत मला असं बोलले ते एकदाच.

त्यानंतर सुरू झाली पत्रं. मद्रास, मुंबई, कलकत्ता. जिथं म्हणून रेकॉर्ड निघते तिथं. मी टाइप करायची, ते सही करायचे, रुक्मिणीच्या कार्यक्रमांची कात्रणं जोडायचे. उत्तरं यायची ती सगळी एका छापाची. आवाज चांगला आहे, पण नाव नवीन आहे. किंवा मग तेच, नाव आम्ही ठरवू. एकदा ते स्वतःच्या खर्चानं मद्रासला गेले. दोन दिवस एका ऑफिसच्या बाकावर बसले आणि सर्दी घेऊन परत आले. "ऑफिस छान आहे," एवढंच म्हणाले.

गावानं तर चेष्टेचं साधनच केलं. मांडवात दिसले की कोणीतरी विचारायचंच, "काय कागदअण्णा, रेकॉर्ड कुठवर आली?" ज्या म्हाताऱ्या विद्वानांना कागदअण्णांनी पाटीचं उत्तर दिलं होतं, त्यांनी तर भर सभेत सांगितलं, की आमच्या तुकोजीरावांनीही शेवटी तांबूलच घेतलं. हे हसायचे. पण मला दिसत होतं, माणूस आतून खचत होता. नव्या मुलांना "आधी कागद" सांगताना पूर्वीसारखा आवाज लागत नव्हता. मला वाईट वाटायचं आणि त्यांचा रागही यायचा.

एकदा मी विचारलंच. "अण्णा, त्या दिवशी का घेतलंत?"

"चूक झाली, अक्का. पण त्या माउलीनं कागद मागितला असता तर मी लिहिणार काय होतो? माझ्या हातात तेव्हा होतं काय? एवढ्याशा पोरीनं माझ्या शब्दावर चालून आलेलं सोडलं. मग मी काहीच न देता बसमध्ये बसायचं होय?"

मी 'हिअरइनआफ्टर' नऊ वेळा टाइप केलं, एकही खोडलं नाही.

रुक्मिणी मात्र गात राहिली. मांडव, शाळा, लग्नं, आणि महिन्यातून एकदा रेडिओ. सातव्या कलमावर सही केली असती तर यातलं काही झालं नसतं. आणि गंमत बघा, कागदअण्णांची सगळी पत्रं वाया गेली. चौथ्या वर्षी जे आलं ते न मागता आलं. मुंबईच्या एका लहान कंपनीच्या माणसानं बेंगळुरातल्या आपल्या मेहुण्याकडं रेडिओवर तिला ऐकलं. पत्र तिच्या नावानं आनेकलला आलं. ती ते घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं माझ्याकडं हजर. कागदअण्णा तोवर नोकरीतून निवृत्त झाले होते, त्यांना घरून बोलवून आणलं.

तीन महिने कागद मुंबईला जात होता आणि येत होता. अण्णांना पुन्हा पूर्वीची खुमखुमी चढली. कंपनीनं शेवटी लिहिलं, की आपल्या वकीलसाहेबांना आमचा नमस्कार सांगावा, आम्ही सगळं मान्य करतो. नाव तिचं, आणि बाकी ठिकाणी गायची पूर्ण मोकळीक. तिनं सही केली, मुंबईला जाऊन दोन गाणी गाऊन आली. आम्ही पेढे वाटले. कागदअण्णांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"खा की अण्णा."

"छापून येऊ दे. कागदावर लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं. चार पैशांच्या लोभानं ऐन वेळी दुसरं नाव घातलं, तर मी त्या माउलीला काय तोंड दाखवू?"

रेकॉर्ड बाजारात आली आणि त्यानंतर महिन्याभरात कागदअण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वीणेवाला आला होता, मृदंगवाला आला होता, तो म्हातारा विद्वानही काठी टेकत आला. आनेकलहून केशवप्पा आले आणि एका कोपऱ्यात शेवटपर्यंत बसून राहिले. मी रडले, भरपूर रडले, त्यात लपवायचं काय आहे? पण तुकोजीराव म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. आठवतो तो त्याच्या आधीचा, चिकपेटेच्या बाजारातला. तेव्हाच मी त्यांना शेवटचं हिंडताफिरताना पाहिलं.

मी टाइपरायटरच्या रिबिनी घ्यायला गेले होते. रेकॉर्डच्या दुकानासमोर हे उभे दिसले, घामेजलेले. रेकॉर्ड आज आल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही आत गेलो तर ती लागलेलीच होती. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं, बाहेर पायरीवर चार जण थांबलेले. रुक्मिणीचा आवाज मी पहिल्या ओळीला ओळखला. अंगावर काटा आला माझ्या.

"अक्का, ही तीच का?"

"तीच, अण्णा."

"नक्की?"

"हा काय आवाज लपतोय?"

"आवाजाचं सोडा," ते म्हणाले. "तो त्या एजंटालाही हवा होता." आणि गर्दीतून वाट काढत ते ग्रामोफोनपाशी गेले, वाकले. फिरत्या रेकॉर्डवरची अक्षरं वाचायला त्यांनी मान गोल फिरवून पाहिली. जमेना.

"थांबवा," ते दुकानदाराला म्हणाले.

"काय झालं, अण्णा? गाणं आवडलं नाही?"

"थांबवा हो. फिरतंय, वाचता येत नाही."

दुकानदारानं कुरकुरत सुई उचलली. आवाज तुटला. सगळे वळून बघायला लागले, पायरीवरचा एक जण वैतागून काहीतरी बोलला. कागदअण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. रेकॉर्ड थांबली तेव्हा नाव उलटं आलं होतं, म्हणून ते ग्रामोफोनला अर्धी चक्कर घालून पलीकडं गेले. हात मागं बांधून, नाक टेकेल इतके वाकून त्यांनी वाचलं. आधी इंग्रजीत, मग खाली कन्नडात. ओठ हलताना मला दिसत होते. रुक्मिणीबाई, आनेकल. दुसरं कोणाचं नाव नव्हतं.

बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. दुकानदार सुई हातात धरून उभा.

"सरी," ते शेवटी म्हणाले. "मला एक बांधून द्या. मग लावा."

कागदात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन ते पायऱ्या उतरायला लागले. मागं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"अण्णा, ऐकून तरी जा," मी म्हटलं.

"आनेकलची बस चुकेल," ते वळून न बघता म्हणाले. चिकपेटेच्या त्या गर्दीत रेकॉर्डला कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, आणि काळा कोट उडवत, वयाला न शोभेल असे पळत सुटले.